निळ्या केसांचे अकरा दिवस

ताई, नमस्कार.

वय ४८, राहणार कोथरूड, एका आयटी कंपनीत डिलिव्हरी हेड. प्रश्न वाचून हसू नका. २००० ते २००२ मी सॉल्ट लेक सिटीत एमएस करत होतो. तिथे माझ्या रूममेटने एकदा 'एसएलसी पंक' नावाच्या सिनेमाची कॅसेट भाड्याने आणली. आम्ही राहत होतो त्याच गावातल्या पंक पोरांची, म्हणजे केस रंगवून, कर्कश रॉक ऐकत बंड करणाऱ्यांची गोष्ट. दोन दिवसांच्या भाड्यात चार वेळा पाहिला. पुढचं वर्षभर आम्ही त्यातलीच भाषा बोलत होतो. सिनेमातली पोरं बिअर आणायला शेजारच्या वायोमिंग राज्यात जातात, म्हणून आम्हीही रूममेटच्या खटारा गाडीतून तिथल्या इव्हन्स्टनला जाऊन आलो. तिथल्या २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या आधी एका रविवारी त्याने बाथरूममध्ये माझे केस निळे केले. अकरा दिवस टिकले. बाराव्या दिवशी नोकरीचा इंटरव्ह्यू होता.

मागच्या महिन्यात तो सिनेमा मुलीबरोबर पुन्हा पाहिला. ती १९ वर्षांची, आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. नायकाला बघून म्हणाली, "अरे, हा तर 'स्कूबी-डू'मधला शॅगी!" दुसऱ्या एकाला बघून, "हा 'हाऊ आय मेट युअर मदर'मधला मार्शल!" सिनेमा संपल्यावर म्हणाली, "बाबा, हा मुळात श्रीमंत वकिलाचा मुलगा. कंटाळा येईपर्यंत पंक, मग हार्वर्ड. यात बंड कुठंय?" आणि मग, "तुझंही तसंच ना?" ती सहज बोलून झोपायला गेली. मी रात्रभर जागा. त्याहून वाईट म्हणजे, सिनेमातला बाप बोलत होता तेव्हा मी मान डोलावत होतो. मी तेव्हा खोटा होतो की आता आहे? नोकरी सोडून काहीतरी वेगळं करावं असं सारखं मनात येतं. बायको म्हणते, आधी गीझर दुरुस्त करून घे.

ता. क. रूममेट अजून तिकडेच आहे असं ऐकतो. २००९ मध्ये त्याची नोकरी गेली तेव्हा त्याचे फोन यायचे. मी तेव्हा कामात होतो. पुढे ते यायचे थांबले.

– एक माजी पंक


माजी पंक, नमस्कार.

बायकोचं ऐका. गीझर आधी.

तुमचं पत्र आलं तोवर मी हा सिनेमा पाहिला नव्हता. भाच्याला कामाला लावून मिळवला आणि दोनदा पाहिला. पहिल्यांदा आवाज अगदी बारीक ठेवून, कारण त्यातली पोरं दर तिसऱ्या शब्दाला शिवी देतात आणि आमच्या सोसायटीच्या भिंती पातळ आहेत. दुसऱ्यांदा आवाज मोठा करून. शेजारच्यांचं काय व्हायचं ते होवो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं सॉल्ट लेक सिटी हे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं मुख्य ठाणं. १८४७ साली पंथाचा पुढारी ब्रिगम यंग आपल्या माणसांना घेऊन त्या खाऱ्या तळ्याजवळ उतरला. आजही तिथले पत्ते मंदिरापासून मोजले जातात, इतके दक्षिणेला, इतके पूर्वेला. या पंथात दारू वर्ज्य, तंबाखू वर्ज्य, कॉफी वर्ज्य आणि चहासुद्धा वर्ज्य. (ज्या गावाला चहाची आस्था नाही तिथे तुम्ही दोन वर्षं कशी काढलीत, यावर वेगळं पत्र लिहा.) अशा या गावात १९८५ साली स्टीव्हो आणि बॉब ही दोन पोरं आपल्याला पंक म्हणवून घेत हिंडतायत. स्टीव्होचे केस निळे. बॉबचं टोपणनाव 'हेरॉइन बॉब', आणि गंमत म्हणजे त्याला सुईची भयंकर भीती. दारू-सिगारेट चालते, पण औषधाची गोळीसुद्धा त्याला विषासारखी वाटते. मारामाऱ्या, पार्ट्या, पडक्या घरात बिऱ्हाड. स्टीव्हो कॅमेऱ्याकडे बघून आपल्याशी बोलत राहतो: खरा पंक कोण, तोतया कोण, अराजक म्हणजे काय, इंग्लंड काय, अमेरिका काय. खूप बोलतो. आमच्या वेळचे कार्यकर्ते आठवले.

आणि शेवटाकडे बॉब मरतो. एका पार्टीत डोकं दुखतं म्हणून कुणीतरी निरुपद्रवी सांगून गोळ्या देतं, पोटात आधीच दारू असते, सकाळी तो उठत नाही. ज्याने आयुष्यभर गोळीला हात लावला नाही तो गोळीने जातो. अंत्यविधीला स्टीव्हो डोक्याचा गोटा करून, सूट घालून उभा असतो. मग हार्वर्ड, मग वकिली.

आता तुमच्या मुलीबद्दल. पोरगी हुशार आहे, पहिल्याच फटक्यात बोट बरोबर जागेवर ठेवलं. पण तिचं म्हणणं तुम्हाला इतकं लागलं याचं मला नवल वाटलं, कारण तेच म्हणणं सिनेमातसुद्धा आहे, आणि तुम्ही तो चार वेळा पाहिलात. त्यातली ब्रँडी आठवते? पार्टीत ती स्टीव्होला तोंडावर सांगते की तुझे हे केस, हे कपडे म्हणजे निव्वळ फॅशन आहे, गणवेश आहे. आणि मुलीला ज्याच्यात मार्शल दिसला तो माईक बघा. चष्मा, टापटीप शर्ट, परक्याला वाटावं पतपेढीत क्लार्क असेल. टोळीतला सगळ्यांत जहाल तोच. केसाला रंग लावायची त्याला गरजच पडत नाही.

शिवाय कोण तरतं आणि कोण तरत नाही ते मोजा. स्टीव्होचा बाप पोर्शे चालवणारा वकील. स्टीव्हो तरतो. बॉबच्या बापाचं डोकं फिरलेलं. पोरगा भेटायला येतो तर बाप त्याला सरकारी हेर समजून बंदूक काढतो. बॉब मरतो. शॉन नावाचा एक पोरगा नशेत आईच्याच जिवावर उठतो आणि पुढे रस्त्यावर भीक मागताना दिसतो. स्टीव्हो त्याच्याशी दोन शब्द बोलून पुढे निघतो. त्या प्रसंगाला संगीत नाही की भाषण नाही, पटकन येतो आणि जातो. चोविसाव्या वर्षी तुम्हाला तो दिसलाच नसणार. तुमच्या मुलीचं वाक्य त्या प्रसंगात आहे. ज्याच्या घरी परत जायला उबदार खोली आहे, त्याचं बंड म्हणजे लांबलेली सुट्टी. बाकीच्यांना त्याच बंडाची पूर्ण किंमत मोजावी लागते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा टॅक्सी चालवणाऱ्या नामदेव ढसाळांच्या मागे कुठलं हार्वर्ड वाट पाहत नव्हतं. तुमच्या मुलीच्या मनात बंडाची मोजपट्टी कदाचित तशी काहीतरी असेल, आणि त्या पट्टीवर निळे केस अर्धा इंचसुद्धा भरत नाहीत. तुमचेही, स्टीव्होचेही.

पण मी एवढ्यावर तुम्हाला तोतया ठरवायला तयार नाही. त्याचं कारण माझ्याकडे एक पिशवी आहे.

१९७९ साली मी सांगलीहून पुण्याला कॉलेजात आले. तेव्हा बंडाचा गणवेश ठरलेला होता. पोरांना दाढी, झब्बा, चारमिनार. पोरींना हातमागाची साडी नाहीतर खादीचा कुडता, आणि दोघांच्याही खांद्याला शबनम. मी पहिल्या महिन्याच्या पैशातून गेरूच्या रंगाची एक शबनम घेतली. पहिल्या पावसात तिचा रंग कुडत्यावर उतरला, मला कोण अभिमान! दिवाळीत घरी गेले. आईने पिशवी उलटीपालटी करून पाहिली, काही बोलली नाही. सकाळी उठते तर पिशवीला आतल्या बाजूने एक कप्पा शिवलेला आणि त्याला चेन. म्हणाली, "एसटीत गर्दी असते, पैसे वरच्यावर ठेवू नकोस." कप्प्यात वीस रुपये होते. मी त्या पिशवीत पत्रकं घेऊन फिरले, मोर्च्याला गेले, एकदा पोलीस चौकीत दुपारभर बसलेसुद्धा. आणि पूर्ण वेळ ते वीस रुपये आत चेनमध्ये होते. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, आणि त्याच पिशवीतून मी चौदा वर्षं मंडईतून भाजी आणली. आता ती माळ्यावर आहे.

मी खोटी होते का? चौकीत बसले होते तेव्हा पोटात गोळा आला होता, तो खरा होता. चेनही खरी होती. माझ्याबरोबर त्या दिवशी बसलेल्या एका मुलीकडे तशी चेन नव्हती, तिचं कॉलेज सुटलं. हे मला तेव्हा कळलं नाही, खूप उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा चांगलंच टोचलं. तुम्हाला आत्ता जे टोचतंय ते त्याच जातीचं आहे. त्याच्यावर औषध नाही. टोचू द्या.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देते. इंग्लंडात पंकचा भडका उडाला १९७६-७७ च्या सुमारास. १९८५ चा स्टीव्हो आठ वर्षं उशिरा आला, आणि तुम्ही त्याच्याही मागून सोळा वर्षांनी. वरातीमागून घोडं आणि घोड्यामागून तुम्ही. यात लाजायचं काही नाही. सिनेमा करणारा जेम्स मेरेन्डिनो त्याच गावात वाढला, आणि १९८५ ची गोष्ट त्याने सांगितली १९९८ मध्ये. म्हणजे हा सिनेमा मुळातच मागे वळून पाहणाऱ्या माणसाचा आहे. स्टीव्हो जे बोलतो ते सगळं घडून गेल्यावर, वकिलीची वाट धरल्यावर बोलतो. शेवटी तर तो कबूलच करतो की तेव्हाचा मी आताच्या मला भेटला असता तर मला बदडून काढलं असतं. तुम्ही ज्याला तुमच्या तरुणपणाचा सिनेमा समजत होता तो पहिल्या दिवसापासून तुमच्या आजच्या वयाचा होता. चोविसाव्या वर्षी तुम्ही केस पाहिलेत, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आवाज ऐकू आला.

बापाला मान डोलावलीत म्हणून घाबरलात. अहो, मीही डोलावली! तो बाप काही खलनायक नाही. आपल्या तरुणपणी तोही साठच्या दशकातल्या चळवळीत होता. पोरगा त्याला विकला गेलास म्हणून हिणवतो, तर तो म्हणतो, मी विकला गेलो नाही बाबा, मी विकत घेतलं. मेरेन्डिनोने सिनेमातलं सगळ्यात चटपटीत वाक्य शत्रूच्या तोंडी दिलं. तुम्ही तेव्हा हसला असाल. आता त्यातलं खरं तुम्हाला पटतं, आणि त्यातली मखलाशी मात्र दिसेनाशी झाली आहे, एवढाच फरक. दोन्ही दिसायला हवं. 'मी विकत घेतलं' म्हणणाऱ्याला नेमकं काय विकत घेतलं आणि कुणाच्या पैशाने, हे विचारायचं असतं. ते तुमची मुलगी विचारतेय. विचारू दे. तुम्ही एके काळी बंडखोर होता हे तिच्याकडून मान्य करून घेण्याच्या नादाला लागू नका. आपल्या बापाचं तरुणपण मुलांना फारसं पटत नाही. मला माझ्या वडिलांच्या बेचाळीसच्या गोष्टी जेवताना ऐकाव्या लागायच्या, आणि मी आमटी वाढून घेण्यापलीकडे काही करत नसे.

नोकरी सोडण्याबद्दल: सोडू नका. आर्किटेक्चर पाच वर्षांचं असतं, तीन बाकी आहेत, आणि फी तुम्हीच भरणार आहात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी राजीनामा देऊन कुणी पंक होत नाही, फार तर सोसायटीचा सेक्रेटरी होतो. शिवाय तुमच्या बंडाचं एक कारण आता खुद्द यूटा राज्यानेच काढून घेतलं. दुकानात वजनाने ३.२ टक्क्यांच्या वर बिअर विकायची नाही हा कायदा २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सैल झाला. इव्हन्स्टनपर्यंत जवळजवळ १३० किलोमीटर गाडी मारायचं निमित्त गेलं.

हे सगळं मी लिहिलं कारण तुम्ही विचारलंत. मला स्वतःला तुमच्या पत्रातला ताजा कलमच वाचवत नव्हता.

तुमचं पत्र मी वहीत उतरवून घेतलं (ही माझी जुनी सवय, हाताने उतरवलं की माणूस कळतो). त्यात केसांवर, मुलीवर, नोकरीवर एवढं लिहिलंत. रूममेटबद्दल ता. क. मध्ये चार वाक्यं. पण कॅसेट आणली कुणी? रूममेटने. गाडी कुणाची? रूममेटची. त्या रविवारी तुमच्या डोक्याला ब्लीच चोपडून, प्लास्टिकची पिशवी बांधून, तासभर संडासाच्या झाकणावर बसून घड्याळ कोण बघत होतं? आपले काळे केस निळे करणं हे एकट्याचं काम नाही. आधी रंग उतरवावा लागतो, तो मागच्या बाजूने स्वतःला दिसत नाही. कुणीतरी मागे उभं राहावं लागतं. तुमच्या सगळ्या पंकपणात एक माणूस तुमच्या मागे उभा आहे, आणि तुम्ही त्याला सहीच्या आधी ता. क. मध्ये कोंबलंत.

सिनेमा आता त्या नजरेने आठवून बघा. बॉब गेल्यावर स्टीव्हो काय ओरडतो? आधी चिडून, की मरतात ते तोतये, तू कसा मेलास. म्हणजे तेव्हासुद्धा त्याच्या तोंडी तीच खरा-तोतयाची भाषा. आणि ती भाषा तिथेच, त्या खोलीत संपते. कारण पुढचं वाक्य साध्या पोराचं आहे: आता मी मित्र कुठून आणू, तू एकटाच तर होतास. दीड तास तो जगाला व्याख्यान देत होता. एक माणूस गेला आणि व्याख्यान बंद. आणि शेवटचा प्रसंग अराजकाचाही नाही आणि हार्वर्डचाही नाही. शाळकरी वयातले स्टीव्हो आणि बॉब तळघरात बसून पटावरचा खेळ खेळतायत, आणि बॉब म्हणतो की मी एक नवी टेप आणलीय. बस. स्टीव्होच्या निळ्या केसांच्या मुळाशी एवढंच होतं, मित्राने टेप आणली. तुमच्याकडे कॅसेट.

२००९ साली त्याची नोकरी गेली. अमेरिकेत तेव्हा मंदीत काय चाललं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी जाते म्हणजे नुसता पगार जात नाही, पायाखालचा देश जातो. तो व्हिसावर होता का हे तुम्ही लिहिलं नाहीत, मला वाटतं तुम्ही विचारलंही नसेल. तो फोन करत होता आणि तुम्ही कामात होता. किती फोन? तुम्ही आकडा लिहिला नाहीत. बाकी सगळे आकडे लिहिलेत, अकरा दिवस, चार वेळा, १९ वर्षं. हा नाही.

मी तेव्हा खोटा होतो की आता, असं तुम्ही विचारलंत. ब्लीचच्या रात्री तुम्ही मुळीच खोटे नव्हता. आत्ता ऑफिसात बसता तेव्हाही नसाल. पण २००९ मध्ये, फोन वाजत असताना, 'कामात होतो' हे पूर्ण खरं नव्हतं. तेव्हा नुकतंच बस्तान बसलं असेल, घराचे हप्ते सुरू झाले असतील, आणि बुडत्या माणसाचा फोन घ्यायची माणसाला भीती वाटते. मला कळतं. माझ्याबरोबर चौकीत बसलेल्या त्या मुलीने पुढे एकदा पत्र पाठवून माझ्याकडे काम मागितलं होतं. ते पत्र मी उत्तर न देता एका पुस्तकात ठेवलं, आणि आता ते कुठल्या पुस्तकात आहे ते सापडत नाही. म्हणून तुम्हाला सांगायचा मला काही विशेष अधिकार नाही. तरी सांगते.

फोन करा. मेसेज नको, ईमेल नको. नंबर बदलला असेल तर तुमच्या बॅचच्या ग्रुपवर कुणाकडे तरी असेल. 'सहज केला' म्हणू नका, सोळा वर्षांनी कुणी सहज फोन करत नाही. मनात पाठ केलेली माफी वाचून दाखवू नका, ती मीटिंगसारखी वाटेल. कामात होतो हे शब्द तर तोंडातून काढूच नका. तू फोन करत होतास आणि मी उचलले नाहीत, इतकं म्हणा आणि गप्प बसा. तो शिव्या देईल. त्या सिनेमानंतर त्याच्याकडे साठा भरपूर असेल. देऊ द्या. कदाचित तो हसून विषय टाळेल, ते शिव्यांपेक्षा जड जाईल. कदाचित त्याला तुमची गरज मुळीच उरली नसेल, घर, मुलंबाळं, सगळं नीट असेल, आणि तुमचा फोन त्याला नसती ब्याद वाटेल. तसं असेल तर दोन मिनिटांत ठेवा आणि तो चांगला आहे एवढं घेऊन परत या. सिनेमाचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर काढला.

आणि हे मुलीला सांगायची गोष्ट म्हणून करू नका. तिला नाही कळलं तरी चालेल.

अमेरिकेतली घड्याळं उन्हाळ्यात पुढे केलेली असतात, तेव्हा सॉल्ट लेक सिटीची वेळ आपल्या साडेअकरा तास मागे. शनिवारी सकाळी साडेआठला करा, गीझरवाला यायच्या आत. तिथे शुक्रवारचे रात्रीचे नऊ वाजलेले असतील.